हृदयापर्यंतचे ६५ सेंटिमीटर

छातीत दुखू लागले, ईसीजीमध्ये बदल दिसला, की डॉक्टर अँजिओग्राफी करून घ्यायला सांगतात. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयाकडे नेली जाते. रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलतही असतो. पण शंभर वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणे म्हणजे त्याचा जीव घेणे, असे डॉक्टरच मानत होते. हा समज डॉ. वेर्नर फोर्समान यांनी खोटा ठरवला आणि त्यासाठी स्वतःचेच हृदय पणाला लावले.

फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. वैद्यकीची परीक्षा देऊन १९२९ मध्ये ते बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या लहान गावातील रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्या काळी हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाला औषध द्यायचे, तर छातीतून अंदाजाने सुई खुपसावी लागे. त्यात फुप्फुसाला किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीला इजा होण्याची भीती असे. फ्रेंच संशोधकांनी घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयात नळी नेल्याचे चित्र फोर्समान यांनी पाहिले होते. घोड्याला जे सोसते, ते माणसाला का सोसू नये, असा प्रश्न त्यांना पडला. हाताची शीर शेवटी हृदयाच्या उजव्या कप्प्याकडेच जाते. मग वाट तयारच होती.

रुग्णालयाचे प्रमुख रिचर्ड श्नायडर यांनी परवानगी नाकारली. रुग्णावर तर नाहीच, स्वतःवरही हा प्रयोग करायचा नाही, असे त्यांनी बजावले. फोर्समान यांनी शस्त्रक्रिया विभागातील परिचारिका गेर्डा डिट्झेन यांना विश्वासात घेतले, कारण निर्जंतुक साहित्याच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती. प्रयोग आपल्यावरच व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. फोर्समान यांनी होकार दिला, त्यांना टेबलावर बांधले आणि गुपचूप स्वतःच्याच डाव्या कोपराजवळ भूल देऊन शीर उघडली. मूत्रवाहिनीत घालण्याची बारीक नळी त्यांनी शिरेतून पुढे सरकवली. मग डिट्झेन यांना सोडवून, हातात नळी तशीच ठेवून, दोघे जिने उतरून क्ष-किरण खोलीत गेले. पडद्यावर पाहत फोर्समान यांनी नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत नेली. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पोहोचले होते. त्यांना दुखले नाही, फक्त आत किंचित ऊब जाणवली. पुरावा म्हणून त्यांनी क्ष-किरण चित्र काढून घेतले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गाजावाजा झाला, पण कौतुकापेक्षा टीका अधिक झाली. बर्लिनच्या प्रसिद्ध शारिते रुग्णालयात त्यांना जागा मिळाली होती, पण विख्यात सर्जन फर्डिनांड झावरब्रुख यांनी तेथून त्यांची रवानगी केली. पुढे कुत्र्यांवर आणि स्वतःवरही त्यांनी आणखी प्रयोग केले. नळीतून रंगद्रव्य सोडून हृदयाचे चित्र स्पष्ट मिळते का, हे त्यांना पाहायचे होते. अँजिओग्राफीचे मूळ याच कल्पनेत आहे. मात्र साथ मिळाली नाही. अखेर हृदय सोडून ते मूत्रविकारांकडे वळले.

त्यांच्या चरित्राला एक काळी बाजूही आहे. १९३२ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि १९४५ पर्यंत राहिले. महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते आणि शेवटी अमेरिकनांचे युद्धकैदी झाले. सुटकेनंतर त्यांनी पत्नीसह, त्याही डॉक्टरच होत्या, खेड्यात रुग्ण तपासले. १९५० पासून बाड क्रॉइट्सनाख या गावी त्यांनी मूत्रविकारांचा दवाखाना चालवला.

दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्यांच्याच लेखाचा धागा पकडला. १९४१ पासून त्यांनी ही पद्धत रुग्णांसाठी वापरली. हृदयातील दाब, रक्तातील प्राणवायू आणि हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते, हे त्यामुळे मोजता येऊ लागले. १९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि फोर्समान यांना मिळून देण्यात आले. प्रयोगाला तेव्हा २७ वर्षे झाली होती. मधल्या काळात हृदयविज्ञान इतके पुढे गेले होते, की फोर्समान यांना पुन्हा या संशोधनात उतरणे शक्य झाले नाही. डुसेलडोर्फमधील एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले.

सप्टेंबर १९७७ मध्ये झ्युरिक येथे आंद्रियास ग्रुन्टझिग यांनी जाग्या रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली धमनी नळीवरच्या फुग्याने उघडली. ती हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी. फोर्समान तेव्हा हयात होते. १ जून १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. कारण होते हृदयविकार.