बेघरांचा बेघर यजमान

कयाधूकाठचे नर्सी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातील गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली ती नामदेवांनी, असे परंपरा सांगते. हयातीत ज्यांना देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांना मरणोत्तर का होईना, दाराशी जागा मिळाली. परंतु चोखोबांच्या जातिबांधवांनी वारीला आल्यावर रात्री पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न पुढे जवळजवळ सहाशे वर्षे तसाच राहिला. पंढरपुरात १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, ती वऱ्हाडातील एका निरक्षर परिटाच्या खटपटीने. त्यांना महाराष्ट्र गाडगे महाराज या नावाने ओळखतो.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडिलांना दारूने नेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन दापुरे येथे माहेरी परतली. दुसऱ्याच्या छपराखाली राहणे म्हणजे काय, हे डेबूजींना बालपणीच कळले. मामाच्या घरी शेती होती, पोरगा राबणारा होता. पण सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली. त्या धक्क्याने मामाही गेला, असे चरित्रकार नोंदवितात. अक्षरशत्रू कुळाची जमीन कशी जाते, याचे अर्थशास्त्र डेबूजींनी पुस्तकात वाचले नाही. ते त्यांच्या घरातच घडले. माणूस बेघर होतो तो बहुधा एका रात्रीत नव्हे. आधी कर्ज, मग शेत, मग घर, असा तो उतार असतो.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडले. पत्नी कुंताबाई, आई आणि मुले मागे राहिली. भक्तिपर चरित्रांत या प्रसंगाचे वर्णन मोठ्या गौरवाने येते. मात्र त्याची किंमत कुंताबाईंनी मोजली, हे विसरता कामा नये. पुढे धर्मशाळा बांधल्या गेल्या, पण महाराजांनी त्यांत स्वतःसाठी घर केले नाही. त्यांचा मुक्काम बहुधा झाडाखाली नाहीतर गोठ्यात असे.

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि भाकरी घेण्यास फुटके मडके, एवढा संसार. त्या मडक्यावरूनच गाडगे हे नाव पडले. गावात शिरताच आधी रस्ते झाडावयाचे, मग भाकरी मागावयाची आणि रात्री कीर्तन करावयाचे, असा क्रम असे. श्रमाशिवाय अन्न नाही, हा दंडक त्यांनी प्रथम स्वतःला लावला. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवाला नवससायास करून कोंबडी-बकरी मारणाऱ्यांना आणि लग्नापायी कर्ज काढणाऱ्यांना ते सोडीत नसत. मात्र ज्या हाताने त्यांना फटकारले, तोच हात त्यांच्यापुढे दानासाठी पसरण्यात त्यांना विसंगती वाटली नाही.

दयेचा खरा विचार येथे सुरू होतो. दारी आलेल्याला चतकोर देणे ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण चतकोर त्या दिवसापुरता असतो. उद्या पुन्हा दुसरे दार. गाडगे महाराजांनी या किरकोळ दयेला साठविण्याची सोय केली. कुणाचा पैसा, कुणाची विटांची गाडी, कुणाचे दोन दिवसांचे श्रम एकत्र आले आणि त्यांतून भिंती उठल्या. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, अन्नछत्रे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे ही सारी मालमत्ता अशाच मार्गाने जमली. तिचा कारभार विश्वस्तांकडे राहिला आणि १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा मुलांच्या शिक्षणाकडे वळविण्यात त्यांना अडचण वाटली नाही, कारण अंगठा उठविणाऱ्याचे काय होते हे त्यांनी पाहिले होते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. या धर्मशाळेचा अर्थ हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अधिक कळतो. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दुखणे मोठे निघाले की नांदेड, संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. खाट रुग्णाला मिळते. सोबत आलेली बायको किंवा म्हातारी आई त्याच दिवशी बेघर होते. तिला हवे असते ते थोडेच: अंग टाकण्यास सतरंजीएवढी जागा, भात शिजविण्यास एक पातेले, आंघोळीला आडोसा, आणि औषधाची चिठ्ठी वाचून देणारा कुणी. एवढ्यावर तिचा एक महिना निभतो आणि गावाकडचे गुरू विकावे लागत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या माणसांना दादरला याच नावाची धर्मशाळा आज आसरा देते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन त्यांचे अखेरचे ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, वाहनातच, त्यांचा प्राण गेला.