योसेफस : सेनापती, बंदिवान व इतिहासकार

यरुशलेमेच्या नाशाविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळा बोलले जाते. परंतु तो नाश ज्याने प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवला, त्या पुरुषाचे चरित्र थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून योसेफस ह्याचा वृत्तांत आम्ही येथे संक्षेपाने देतो.

त्याचा जन्म इ. स. ३७ च्या सुमारास यरुशलेमेत याजकांच्या घराण्यात झाला. तरुणपणी त्याने परुशी, सदूकी व एसेनी ह्या तिन्ही पंथांची पारख केली, अरण्यात एका वैराग्याजवळ तीन वर्षे काढली, आणि अखेर तो परुश्यांच्या मताप्रमाणे वागू लागला. इ. स. ६४ च्या सुमारास, रोमेस बांधून नेलेल्या काही याजकांच्या सुटकेसाठी तो समुद्रमार्गे निघाला. वाटेत तारू बुडाले. त्यावर सुमारे ६०० माणसे होती. रात्रभर पोहून सुमारे ८० जण मात्र दुसऱ्या तारवावर चढले. पौलाच्या प्रवासाची आठवण वाचकांस येथे सहज होईल. याजक सुटले, आणि रोमेचे बळ केवढे आहे हे योसेफसाने स्वतः पाहिले.

तो परतला तेव्हा देश पेटण्याच्या बेतात होता. सुभेदार फ्लोरस ह्याने मंदिराच्या भांडारातून १७ किक्कार द्रव्य नेले व लोकांची कत्तल करविली. इ. स. ६६ मध्ये बंड झाले. सीरियाचा सुभेदार मोठे सैन्य घेऊन आला, परंतु माघारी जाताना बेथ-होरोनच्या घाटात त्याची दाणादाण उडाली. ह्या जयाने लोकांस इतका उन्माद चढला की, ज्यांस युद्ध नको होते तेही त्यात ओढले गेले. योसेफस त्यांपैकीच एक होता, असे तो सांगतो. त्याच्याकडे गालील प्रांताचे रक्षण सोपविण्यात आले.

पुढच्या वर्षी सेनापती व्हेस्पेशियन गालिलावर चालून आला. योतापाता नावाच्या डोंगरी गावात योसेफसाने ४७ दिवस टिकाव धरला. पाण्याचा तुटवडा शत्रूस कळू नये म्हणून तटावर ओली वस्त्रे टांगली. शिड्यांच्या फळ्यांवर मेथी शिजवून ओतली, म्हणजे चढणाऱ्यांचे पाय घसरावेत. तरी गाव पडले. तो ४० जणांसह एका गुहेत लपला. शरण जाण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून एकमेकांच्या हातून मरावे, असे त्या सर्वांनी ठरविले. शेवटी तो व आणखी एक असे दोघेच उरले, आणि दोघेही रोमी सैन्याच्या स्वाधीन झाले. ह्यात कपट होते की काय, हे कोणी सांगावे? ही हकीकत आपणांस त्याच्याच लेखणीतून मिळते.

व्हेस्पेशियन बादशहा होईल असे त्याने भाकीत केले. इ. स. ६९ मध्ये ते खरे ठरले, तेव्हा त्याच्या बेड्या तोडण्यात आल्या. इ. स. ७० मध्ये बादशहाचा पुत्र टायटस ह्याने यरुशलेमेस वेढा घातला. नगरात दुष्काळ होता, आणि यहूद्यांचे तट आपसांत लढत होते. योसेफस तटाभोवती फिरून मातृभाषेत लोकांस शरण येण्याची विनवणी करी. वरून त्यास शिव्या व धोंडे मिळत. त्याचे आईबाप आत कैदेत होते. अखेर मंदिर जळाले. त्याने टायटसापाशी पवित्र पुस्तके मागितली व भाऊ, मित्र व ओळखीची कित्येक माणसे सोडविली. एकदा तकोवाहून परत येताना वधस्तंभांवर टांगलेल्या कैद्यांत त्यास तीन परिचित दिसले. त्याने रडून टायटसास विनविले. तिघांस खाली उतरविले. दोघे उपचार चालू असताना मेले, एक जगला.

पुढे रोमेत त्यास नागरिकत्व, घर व वेतन मिळाले. तेथे त्याने यहूदी युद्धाचा इतिहास लिहिला. मसादा गडावर ९६० माणसांचा अंत कसा झाला, ते आपणांस त्यातूनच कळते. इ. स. ९३ किंवा ९४ मध्ये त्याने आपल्या राष्ट्राचा प्राचीन इतिहास २० भागांत पुरा केला. त्यात बाप्तिस्मा करणारा योहान व प्रभूचा बंधू याकोब ह्यांच्या मरणाचा उल्लेख आहे. प्रभूविषयीच्या मजकुरात मात्र पुढे ख्रिस्ती हातांनी भर पडली, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे; सत्यास अशा आधाराची गरज नव्हती.

त्याच्या लोकांनी त्यास फितूर म्हटले, आणि ते निष्कारण नव्हे. धन्याचे मीठ खाऊन लिहिणारा टायटसाची स्तुती अधिक करितो, हेही वाचताना ध्यानात ठेवावे. तरी रोमेत सुखाने राहून त्यास गप्प बसता आले असते. तो बसला नाही. यहूद्यांची निंदा करणाऱ्या आपियोनाच्या ग्रंथास त्याने उतारवयात सडेतोड उत्तर दिले. ज्या रोमेने त्याचे नगर जाळले, तिच्याच राजधानीत राहून त्याने आपल्या पराजित लोकांची बाजू मांडली. गुहेत वाचविलेला जीव त्याने कसा वाचविला, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही; तो पुढे कोणत्या कामी लावला, एवढे मात्र त्याचे ग्रंथ दाखवितात.