डॉक्टर एडवर्ड बाख व त्यांचीं पुष्पौषधें

पावसाळा सरतां सरतां आपल्याकडे डोंगरउतारांवर तेरडा फुलतो. त्याच्या पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें फटकन् फुटतें व बी दूर उडतें. हा खेळ खेळला नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. या उतावळ्या स्वभावावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तेरड्याच्या कुळास इम्पेशन्स, म्हणजे अधीर, असें लॅटिन नांव दिलें. या कुळांतील हिमालयावरचें एक झाड १८३९ सालीं बागेची शोभा म्हणून इंग्लंडांत नेण्यांत आलें, आणि तें बागेंत न राहतां नद्यांच्या कांठीं पसरलें. १९२८ सालीं वेल्स प्रांतांत उस्क नदीच्या कांठीं लंडनच्या एका डॉक्टरांनीं हें फूल खुडलें. उतावळ्या मनुष्याच्या मनास हेंच औषध लागू पडेल असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. हे डॉक्टर एडवर्ड बाख. त्यांचें सर्वच म्हणणें पटतें असें नाहीं. तरी त्यांचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

बाख यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८६ रोजीं बर्मिंगहॅमजवळील मोझली येथें झाला. वडिलांचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना होता. सोळाव्या वर्षीं शाळा सोडून मुलगा तेथें कामास लागला. डॉक्टर व्हावें ही त्याची मनीषा होती. परंतु इतक्या खर्चिक शिक्षणाची गोष्ट वडिलांपाशीं काढण्याचा त्यास संकोच वाटे. भट्टीपाशीं राबणारे मजूर रोजी बुडूं नये म्हणून दुखणीं अंगावर काढीत, आणि दुखण्याइतकीच दुखण्याची धास्ती त्यांस पोखरीत असे, हें त्यानें तेथें पाहिलें. सुमारें तीन वर्षांनीं मनांतील गोष्ट त्यानें एकदां घरीं सांगून टाकली व वडिलांनीं ती मान्य केली. प्रथम बर्मिंगहॅम येथें व नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलांत शिक्षण घेऊन १९१२ सालीं ते डॉक्टर झाले. १९१४ सालीं केंब्रिजची सार्वजनिक आरोग्यशास्त्राची पदविकाहि त्यांनीं मिळविली.

पहिल्या महायुद्धांत प्रकृति नाजूक म्हणून त्यांस रणांगणावर जाऊं दिलें नाहीं. जखमी सैनिकांच्या चारशेंहून अधिक खाटांची जबाबदारी त्यांजकडे आली, व शिवाय प्रयोगशाळेंतील जंतुशास्त्राचें काम होतेंच. १९१७ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण. एप्रिल महिन्यांत त्यांची पत्नी घटसर्पानें वारली. जुलै महिन्यांत ते स्वतः रक्तस्राव होऊन कोसळले. शस्त्रक्रिया झाली, आणि आतां फार तर तीन महिने, असा निर्णय त्यांच्या कानीं आला. अंगांत थोडें बळ येतांच ते प्रयोगशाळेंत जाऊन बसले. हातचें काम पुरें करावें एवढाच हेतु होता. रात्रीं उशिरापर्यंत त्यांच्या खिडकींत दिवा दिसे. तीन महिने गेले, वर्ष गेलें, आणि त्या दुखण्यानंतर ते एकंदर एकोणीस वर्षें जगले. मनानें कशांत तरी जीव ओतला म्हणूनच शरीर तगलें, अशी त्यांची खात्री झाली. त्या शस्त्रक्रियेचाहि यांत वांटा असला पाहिजे, असें आपण म्हणूं. परंतु ज्यावर असा प्रसंग येतो तो त्यांतून स्वतःचा अर्थ काढल्यावांचून राहत नाहीं.

१९१९ सालीं ते लंडनच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलांत जंतुशास्त्रज्ञ म्हणून गेले. तेथें हानेमान यांचा मुख्य ग्रंथ त्यांच्या वाचनांत आला. रोगापेक्षां रोग्याकडे पाहावें हें त्यांतील सूत्र त्यांस आपल्याच मनांतलें वाटलें. आंतड्यांतील जंतूंचे सात गट पाडून त्यांपासून त्यांनीं औषधें केलीं, व डॉ. चार्ल्स व्हीलर यांजबरोबर १९२५ सालीं जुनाट रोगांवर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. नांव झालें, प्राप्तीहि चांगली होऊं लागली.

१९२८ सालच्या एका मेजवानीची हकीकत त्यांच्या चरित्रकर्त्या नोरा वीक्स यांनीं सांगितली आहे. पाहुण्यांकडे पाहत बसले असतां बाख यांच्या लक्षांत आलें कीं, माणसें दिसावयास भिन्न असलीं तरी स्वभावाचे सांचे मोजकेच असतात. एक सदा घाईंत, एक बुजरा, एक जागेपणींच स्वप्नें पाहणारा. एका सांच्याचीं माणसें कोणतेंहि दुखणें आलें तरी सारखींच वागतात. मग औषध रोगाच्या नांवावर न देतां स्वभावावर कां देऊं नये? त्याच वर्षीं त्यांनीं पहिलीं तीन फुलें निवडलीं. उतावळ्यांसाठीं इम्पेशन्स, भित्र्यांसाठीं मिम्युलस, आणि स्वप्नाळूंसाठीं क्लेमॅटिस, म्हणजे आपल्या घाटांतील मोरवेलीच्या कुळांतली एक वेल.

१९३० सालीं त्यांनीं लंडन कायमचें सोडलें. जुने कागद जाळले, लशींच्या कुप्या मोरींत ओतल्या, आणि नोरा वीक्स यांस मदतनीस घेऊन ते वेल्सला निघाले. तेथें पोहोंचून पेटी उघडतात तों आंत खलबत्ता व इतर उपकरणें यांऐवजीं जोडे! घाईंत पेट्यांची अदलाबदल झाली होती. परंतु पुढें रानोमाळ इतकें भटकावें लागलें कीं जोडेच उपयोगी पडले. उपकरणांवांचून औषध करण्याची रीत त्यांस येथेंच सुचली. पातळ काचेच्या भांड्यांत झऱ्याचें पाणी घेऊन त्यावर फुलें तरंगत ठेवावयाचीं, तें तीन तास स्वच्छ उन्हांत राहूं द्यावयाचें, मग फुलें काढून टिकण्यासाठीं तितकीच ब्रँडी मिसळावयाची, आणि या अर्काचे केवळ दोन थेंब दुसऱ्या कुपींत टाकावयाचे. पुढें वृक्षांच्या मोहोरासाठीं अर्धा तास उकळण्याची रीतहि त्यांनीं काढली. १९३५ पर्यंत औषधांची संख्या ३८ झाली. स्वतःस दोष देत राहणाऱ्यासाठीं पाइन, मत्सर व द्वेष यांसाठीं हॉली, आत्मविश्वास नसणाऱ्यासाठीं लार्च, चिंता हंसण्याखालीं लपविणाऱ्यासाठीं ॲग्रिमनी. एक तर फूलच नव्हे, नुसतें झऱ्याचें पाणी. तें स्वतःवर फार कडक नियम लादणाऱ्यांसाठीं!

धनाचा लोभ त्यांस शिवला नाहीं. आपली रीत त्यांनीं छापून टाकली, म्हणजे कोणासहि घरीं औषध करतां यावें. १९३२ सालीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली म्हणून, व पुढें डॉक्टर नसलेले मदतनीस ठेवले म्हणून, वैद्यकमंडळानें त्यांस ताकीद दिली. ते डगमगले नाहींत. वैद्यकमंडळाचा नियम मात्र मला गैर वाटत नाहीं. औषध देणाऱ्याला कोणी विचारणारा असलाच पाहिजे.

खरी खंत निराळी आहे. बाख हे प्रयोगशाळेंत वाढलेले. पारख कशी करावी हें त्यांस ठाऊक होतें. परंतु शेवटचीं औषधें त्यांनीं स्वतःच्या मनाच्या कसोटीवर निवडलीं. एखादी मनोव्यथा ते कित्येक दिवस स्वतः भोगीत, आणि ज्या फुलानें शांत वाटे तें घेत. तुलनेची परीक्षा त्यांच्या पश्चात् दुसऱ्यांनीं केली. ब्रिटनमध्यें व जर्मनींत केलेल्या, १९९९ व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन परीक्षणांत परीक्षेचा ताण वाटणारे विद्यार्थीच घेतले होते. कांहींना पुष्पौषध दिलें, कांहींना दिसण्यांत तसेंच पण फुलावांचूनचें. कोणास काय मिळालें हें त्यांस कळूं दिलें नाहीं. जर्मनींत दोन्ही गटांची भीति कमी झाली, आणि सारखीच कमी झाली. ब्रिटनमध्येंहि औषधाचा वेगळा गुण दिसला नाहीं. २०१० सालीं प्राध्यापक एड्झर्ड अर्न्स्ट यांनीं तोंवरचीं अशीं सर्व परीक्षणें तपासून तोच निष्कर्ष काढला.

मग बाख यांच्या रोग्यांस बरें कां वाटे? माझ्या मतें, दाराशीं आलेल्या मनुष्यास बसवून ते त्याच्या भीतीविषयीं, चिंतेविषयीं विचारीत, आणि तो सांगे तें ऐकून घेत, यांत पुष्कळ कांहीं होतें. अशा रीतीनें आधीं कोणी विचारलें नसेल, तर तेवढ्यानेंहि मन हलकें होतें. पालकांस मात्र येथें एक गोष्ट सांगणें भाग आहे. ज्या घटसर्पानें बाख यांची पत्नी नेली, त्यास पुढें आळा घातला तो लशीनें. मुलाचा ताप उतरत नसेल, किंवा त्याची उदासी दिवसेंदिवस वाढत असेल, तर फुलाच्या थेंबांवर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करूं नये.

१९३४ सालीं बाख हे वॉलिंगफर्डजवळील सॉटवेल गांवीं माउंट व्हर्नन नांवाच्या लहानशा घरांत राहावयास आले. त्यांतलें बरेंच सामान त्यांनीं स्वतःच्या हातांनीं बनविलें. २७ नोव्हेंबर १९३६ रोजीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, झोपेंतच त्यांचें देहावसान झालें. गांवच्या चर्चच्या आवारांत त्यांची कबर आहे. नोरा वीक्स व व्हिक्टर बुलेन यांनीं त्यांचें काम पुढें चालविलें. तें घर अजून उभें आहे. बागेंत त्यांचीं झाडें आहेत, आणि आंत त्यांनीं केलेलें लांकडी सामान.