एकेका जीवाचा सोबती : तंजावूरचे श्वार्ट्झ



तंजावूर हे नाव ऐकताच मराठी मनाला व्यंकोजीराजे भोसले यांनी कावेरीकाठी उभे केलेले राज्य आठवते, सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील तो विस्तीर्ण मराठी शिलालेख आठवतो. त्याच शहरात, शिवगंगा किल्ल्यात, १७७९ साली बांधलेले एक ख्रिस्तमंदिर आहे. आपण कधी तिकडे गेलात, तर तेथील एका संगमरवरी शिल्पासमोर क्षणभर थांबा. एक वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर पडला आहे आणि एक तरुण मराठा राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. हे शिल्प त्या राजाने, दुसऱ्या सरफोजीराजांनी, इंग्लंडमधील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. तो वृद्ध मिशनरी म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

सरफोजीराजांनी बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांचे दत्तक पिता तुळजाजीराजे यांनीही घेतला नव्हता. सुमारे तीस वर्षे श्वार्ट्झ यांनी या राजघराण्याला ख्रिस्ताची साक्ष दिली आणि त्या दोघांपैकी एकही राजा मंडळीत आला नाही. मग श्वार्ट्झ यांचे श्रम वाया गेले, असे म्हणावे काय? हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपणही एखाद्या शेजाऱ्यासाठी, सहकाऱ्यासाठी, कदाचित आपल्याच रक्ताच्या माणसासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करीत असाल, त्याच्याशी बोलत असाल, आणि फळ काही दिसत नसेल. म्हणून श्वार्ट्झ यांच्या चरित्राकडे आज आपण या प्रश्नासह पाहू या.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील सोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांची आई निवर्तली. मरणापूर्वी तिने आपले हे बाळ देवाच्या सेवेसाठी वाहिले होते. पुढे हाले येथील विद्यापीठात शिकत असताना, भारतातून परतलेले वृद्ध मिशनरी बेंजामिन शुल्झ यांच्याकडून ते तमिळ शिकले. तमिळ पवित्र शास्त्राची नवी आवृत्ती तेथे छापावयाची होती आणि तिची मुद्रिते तपासण्यास साहाय्यक हवा होता. ती आवृत्ती काही निघाली नाही. परंतु त्या अपुऱ्या राहिलेल्या कामातून देवाने एक सेवक घडविला. भाषांतराच्या मेजावर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीने अनेकदा धीर दिला आहे.

१७५० च्या जुलै महिन्यात ते त्रांकेबार येथे उतरले आणि चारच महिन्यांत त्यांनी तमिळ भाषेत पहिला उपदेश केला. तथापि व्यासपीठावरून बोलता येणे निराळे आणि माणसाशी बोलता येणे निराळे, हे त्यांनी लवकरच ओळखले. लोकांचे मन समजावे म्हणून त्यांनी तमिळ धर्मग्रंथ व पुराणकथा यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला. पुढे ते फारसी आणि हिंदुस्थानी शिकले. तंजावूरच्या दरबाराशी संबंध येऊ लागला, तेव्हा ती राजघराण्याची भाषा म्हणून त्यांनी आपल्या मराठीचाही अभ्यास केला. समोरचा माणूस ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेपर्यंत चालत जाणे हे साक्ष देणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. ते आपण टाळतो आणि मग लोक ऐकत नाहीत अशी तक्रार करतो.

१७६२ पासून त्यांचा मुक्काम तिरुचिरापल्ली येथे होऊ लागला. तेथील त्यांच्या राहणीचे वर्णन त्यांच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. निजण्यापुरती खोली, साधे काळे सुती वस्त्र, भात आणि भाजीचे जेवण. महिन्याला दहा होन एवढ्या वेतनात ते समाधानी असत. इंग्रज फौजेच्या धर्मसेवेबद्दल पुढे सरकारने वर्षाला शंभर पौंड देऊ केले, तेव्हा त्यांतील निम्मी रक्कम ते मंडळीच्या कामी लावीत.

वाचकहो, श्वार्ट्झ यांच्या कार्याचे मर्म त्यांच्या दिनक्रमात आहे. सकाळी त्यांचे स्थानिक उपदेशक त्यांच्याभोवती जमत. वचनाचे वाचन व प्रार्थना होई आणि मग प्रत्येक जण आपापल्या कामावर जाई. श्वार्ट्झ स्वतःही बाहेर पडत आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत, मग तो शेतकरी असो, सैनिक असो वा देवळाचा सेवक असो. सायंकाळी सर्व जण परत एकत्र येत. आज कोण भेटले, त्याने काय विचारले, आपण काय उत्तर दिले, हे प्रत्येकाने सांगावयाचे. जेथे उत्तर उणे पडले असेल, तेथे श्वार्ट्झ वाट दाखवीत. शेवटी प्रार्थना होई. शिष्यत्वाची ही शाळा होती. तिला इमारत नव्हती. दिवसभरात भेटलेली माणसे हाच तिचा पाठ होता. सुवार्ता सांगणे पुस्तकातून थोडे शिकता येते. परंतु कोणाच्या तरी सोबत चालून, चुकून आणि संध्याकाळी ती चूक मोकळेपणाने सांगून ते खरे अंगवळणी पडते.

तुळजाजीराजांची व त्यांची पहिली भेट १७६९ साली झाली. प्रारंभी संभाषण दुभाष्यामार्फत फारसीतून चालले होते. पाहुण्याला तमिळ येते हे ध्यानी येताच राजांनी दुभाष्याला बाजूला सारून थेट बोलणे आरंभिले. राजांनी प्रश्न विचारले, श्वार्ट्झ यांनी आदराने पण न कचरता उत्तरे दिली. राजांना ते आपल्याजवळ असावेत असे वाटू लागले. दरबारातील कित्येकांना मात्र ते रुचले नाही. राजांचे मन एका पावलावर पुढे येई आणि दुसऱ्या पावलावर मागे सरे. श्वार्ट्झ यांनी त्यांच्यावर दडपण आणले नाही, त्यांची खुशामतही केली नाही आणि १७७८ साली ते तंजावूर येथेच स्थायिक झाले.

या माणसाचा शब्द किती वजनाचा होता, हे पुढच्या काही वर्षांत दिसून आले. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना श्रीरंगपट्टण येथे हैदरअलीकडे शांततेचा निरोप घेऊन पाठविले. रक्तपात टळावा एवढ्याच हेतूने ते गेले. निघताना हैदरअलीने प्रवासखर्चासाठी दिलेले तीनशे रुपये त्यांनी सरकारजमा केले आणि सरकारने ते परत देऊ केल्यावर तंजावूर येथील गरीब मुलांच्या शाळेसाठी लावले. युद्ध टळले नाही. १७८० साली ते पेटलेच. परंतु त्या युद्धाच्या धामधुमीतही या पाद्र्याला कोठेही अडवू नये, अशी हैदरअलीने आपल्या अधिकाऱ्यांना ताकीद दिली होती.

त्यानंतर दुष्काळ आला. तंजावूरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. बाहेर धान्य होते, पण ते आणावयास बैल मिळेनात. कारण पूर्वी राजाच्या कारभाऱ्यांनी शेतकऱ्यांना त्यांचा मोबदला दिला नव्हता. अखेर राजांनी श्वार्ट्झ यांना गळ घातली. पैसे चुकते करण्याची हमी मी स्वतः घेतो, असे त्यांनी गावोगाव कळविताच एकदोन दिवसांत हजारावर बैल आले आणि सुमारे ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. ज्या मुखाने सुवार्ता सांगावयाची, त्या मुखाचा व्यवहारातील शब्दही खरा असावा लागतो. त्या शेतकऱ्यांनी श्वार्ट्झ यांचा धर्म पत्करला नव्हता. त्यांच्या शब्दावर मात्र त्यांनी आपली गुरे सोपविली.

आता एका मराठी भाषक स्त्रीविषयी सांगितले पाहिजे. ती तंजावूरच्या मराठा ब्राह्मण समाजातील विधवा. एका इंग्रज अधिकाऱ्याने तिला सतीच्या चितेपासून वाचविले, असे परंपरेने सांगितले जाते. त्याच्याजवळ ती राहू लागली आणि त्याच्याकडूनच तिला ख्रिस्ताची ओळख झाली. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा त्यांचा विवाह झालेला नाही म्हणून श्वार्ट्झ यांनी नकार दिला. ती दुखावली असेल. पण ती दूर गेली नाही. त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ साली, श्वार्ट्झ यांनी पाळयंकोट्टई येथे तिला बाप्तिस्मा दिला. तीच क्लारिंदा. १७८० साली तेथील मंडळीच्या नोंदवहीत चाळीस नावे लिहिली गेली आणि त्यांत तिचे नाव अग्रस्थानी होते. तिच्या पुढाकाराने तेथे मंदिर उभे राहिले व १७८५ साली श्वार्ट्झ यांनी त्याचे समर्पण केले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले उपदेशक सत्यनाथन यांना त्या मंडळीकडे पाठविण्यात आले आणि १७९० साली त्यांची दीक्षा झाली. तिरुनेलवेली प्रांतातील पुढच्या मोठ्या मंडळीचा उगम असा एका उपेक्षित स्त्रीच्या उंबरठ्यापाशी आहे.

श्वार्ट्झ अविवाहित होते, परंतु त्यांचे घर मुलांवाचून नव्हते. सहकारी मिशनऱ्याचा मुलगा जॉन कोल्हॉफ याला त्यांनी लहानपणापासून पुत्राप्रमाणे वाढविले. १७८७ साली कोल्हॉफ यांची दीक्षा झाली आणि १८४४ साली मरण येईपर्यंत ते सेवेत राहिले. तिरुनेलवेलीकडून वेदनायगम नावाचा कोवळा मुलगा त्यांनी शिकण्यासाठी तंजावूरला आणला. तोच पुढे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री म्हणून प्रसिद्धीस आला.

त्याच वर्षी, १७८७ साली, तुळजाजीराजांनी मरणापूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा अशी इच्छा प्रकट केली. दरबारातील कटकारस्थाने पाहता आपल्या हाती हा मुलगा सुरक्षित राहणार नाही, असे जाणून श्वार्ट्झ यांनी राजांचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. हा सल्ला चुकला. अमरसिंह स्वतः गादीवर बसले आणि मुलगा जवळजवळ कोंडवाड्यात पडला. श्वार्ट्झ यांनी आपली चूक झाकली नाही. त्यांनी सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली, १७९३ साली सरफोजीला मद्रासला नेण्याची व्यवस्था झाली आणि तेथे मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले.

श्वार्ट्झ यांची आणखी एक उणीव सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. तंजावूरच्या मंडळीत निरनिराळ्या जातींचे लोक वेगवेगळे बसत. हे हळूहळू आपोआप नाहीसे होईल, या आशेने श्वार्ट्झ यांनी ते चालू दिले. ते नाहीसे झाले नाही. १८३० नंतरच्या दशकात बिशप विल्सन यांनी जातिभेद मोडण्याची आज्ञा काढली, तेव्हा मंडळी दुभंगली, आणि विरोध करणाऱ्यांत खुद्द वेदनायगम शास्त्री होते. गुरूने जे दुर्लक्षिले, ते शिष्याने धर्म म्हणून जपले. शिष्य घडविणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे. आपले मौनदेखील शिष्य शिकत असतात. महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांनीही या बाबतीत स्वतःला तपासून पाहावे.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, श्वार्ट्झ प्रभूमध्ये विसावले. आजारपणात सरफोजी त्यांच्या भेटीस आले होते. प्रजेशी न्यायाने व दयेने वागावे, असा उपदेश करून त्यांनी खऱ्या देवाच्या ओळखीचे आपले जुने बोलणे तेव्हाही टाळले नाही. अंत्यविधीच्या दिवशी राजपुत्र पुन्हा आले, शवपेटीपाशी रडले आणि त्यांनी वर वस्त्र घातले. गरिबांच्या आक्रोशामुळे गीत गाणेही कठीण झाले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना काढला, प्रजेसाठी शाळा व अन्नछत्रे चालविली. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हाही ते श्वार्ट्झ यांच्याविषयी पित्याविषयी बोलावे तसे बोलले. १८३२ साली ते वारले, ते हिंदू म्हणूनच.

तर वाचकहो, आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. राजे मंडळीत आले नाहीत. एक विधवा आली. दरबार उघडला नाही, पाळयंकोट्टई उघडले. कोणते अंतःकरण केव्हा उघडावे, हे श्वार्ट्झ यांच्या हाती नव्हते आणि आपल्याही हाती नाही. ज्याने अद्याप होकार दिला नाही, त्याच्यावरील प्रीती कमी होऊ न देणे मात्र त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत केले. सरफोजी बाप्तिस्म्यावाचून राहिले, म्हणून श्वार्ट्झ यांनी त्यांचा हात सोडला नाही. त्या संगमरवरात कोरलेले आहे ते हेच.

आपण ज्याच्यासाठी प्रार्थना करीत आहात, त्याचे नाव आज पुन्हा एकदा प्रभूपुढे ठेवा. आणि या आठवड्यात त्याच्या घरी जा. वाद जिंकण्यासाठी जाऊ नका. त्याची विचारपूस करा, त्याला दिलेला एखादा शब्द राहिला असेल तर तो पुरा करा, आणि त्याने विचारले तर आपल्या आशेचे कारण सौम्यतेने सांगा. जाताना मंडळीतील एखाद्या तरुणाला बरोबर न्या. संध्याकाळी दोघे मिळून बसा, दिवसभरात काय घडले ते एकमेकांना सांगा आणि मग गुडघे टेका.