कागदावरचा कॉम्प्युटर

रात्री दोन वाजता बुद्धिबळाच्या गेमकडून हरल्यावर मीही तुमच्यासारखाच कॉम्प्युटरला शिव्या घालतो. पण एका माणसाने स्वतःच कॉम्प्युटर होऊन हा खेळ खेळला होता, हे कळलं तेव्हा मी गारच पडलो!

तो माणूस म्हणजे अ‍ॅलन ट्युरिंग. आपल्या सिलॅबसमध्ये 'ट्युरिंग मशीन' आहे, पण माणूस सिलॅबसबाहेरच राहिला.

त्याचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. आईवडील इकडे आणि मुलं तिकडे परक्यांच्या घरी, म्हणजे हॉस्टेल लाइफ लहानपणापासूनच! १९३६ साली त्याने ते कागदी मशीन मांडलं. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

१९४८ च्या सुमारास त्याने डेव्हिड चॅम्परनाउन या मित्राबरोबर बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १० गुण. आपली चाल, त्यावर समोरच्याचं उत्तर, मग बेरीज-वजाबाकी. पण तो चालवेल असं मशीनच नव्हतं. म्हणून १९५२ मध्ये अ‍ॅलिक ग्लेनीविरुद्ध ट्युरिंगने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एका चालीला जवळजवळ अर्धा तास! २९ चालींत प्रोग्राम हरला.

मी आणि माझ्या रूमीने हे करून पाहिलं. चौथ्या चालीपर्यंत मेस बंद व्हायची वेळ झाली आणि आम्ही पट आवरला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की जादू त्या डब्यात नसतेच. कुणीतरी कंटाळा न करता साधे नियम एकावर एक रचलेले असतात, ती जादू.

मँचेस्टरच्या कॉम्प्युटरला एक भोंगा होता, ऑपरेटरला इशारा द्यायला. त्यातून सूर कसे काढायचे, ते ट्युरिंगने मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलं. ते वाचून ख्रिस्तोफर स्ट्रॅची या शाळामास्तराने त्यावर ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं. १९५१ मध्ये बी.बी.सी.ने ध्वनिमुद्रण केलं, त्यात 'बा बा ब्लॅक शीप'ही आहे. आम्ही कॉन्व्हेंटवाले के.जी.त जे गायचो, तेच कॉम्प्युटरही पहिल्यांदा शिकला म्हणायचा!

पुढचं लिहायला जड जातं. १९५२ मध्येच समलैंगिक संबंधांबद्दल त्याच्यावर खटला झाला. तुरुंग टाळायचा तर हार्मोन्सचे उपचार, अशी अट. गुप्त कामाची परवानगीही गेली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. वय फक्त ४१. सरकारने माफी मागितली २००९ मध्ये, राजघराण्याची क्षमा आली २०१३ मध्ये. आपल्याकडे तरी काय, सुप्रीम कोर्टाने असे संबंध गुन्ह्यातून काढले ते २०१८ मध्ये.

२०१२ मध्ये मँचेस्टरला त्याचा तो प्रोग्राम खऱ्या कॉम्प्युटरवर गॅरी कास्पारोव्हशी खेळला. १६ चालींत हरला. पण खेळला!

असो. ज्या शब्दावरून आपण मेसच्या रांगेत एकमेकांची टिंगल करतो, त्याच कारणावरून हा माणूस गेला. हे कळल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. गेम मात्र रोज चालू आहे.