निरुद्धाचे प्रवर्तक महावीराचार्य
राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी संस्कृतात 'गणितसारसंग्रह' रचला. तो केवळ गणितास वाहिलेला ग्रंथ होय. अपूर्णांकांच्या बेरजेसाठी छेदांचा सरसकट गुणाकार केल्यास संख्या विनाकारण फुगते. १२ आणि १८ चे २१६ होतात. आचार्यांनी सामाईक अवयव वेगळा काढून त्यास उरलेल्या भागाकारांनी गुणण्याची रीत दिली. येथे ६ ला २ व ३ ने गुणिले की ३६ मध्ये काम भागते. हाच त्यांचा 'निरुद्ध', अर्थात आपला लसावि. पेढीवर भागीदारांचे हिस्से मांडताना प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर तो वापरला, परंतु त्यामागील आचार्यांचे नाव साठी उलटल्यावर कळले. वास्तविक सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ सालीच प्रकाशित केला होता.