परदेशी विद्यार्थिनी : डॉ. आनंदीबाई जोशी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या तरुणतरुणींची संख्या आज मोठी आहे. फलटण, सातारा, सांगली, मिरज या भागातील कुटुंबांनाही आता ही गोष्ट नवखी राहिलेली नाही. परक्या देशातील विद्यार्थिदशा कशी असते आणि यजमानांचे त्या विद्यार्थ्याप्रती काय कर्तव्य असते, हे जाणून घ्यायचे असेल तर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या जीवनाकडे पाहावे. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरीही त्यांच्या चरित्रात आपणा ख्रिस्ती भाविकांसाठी मोठा बोध आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने पुष्कळ मोठे होते. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. मात्र त्यांचा स्वभाव कठोर व लहरी होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला, परंतु ते बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोच करीत आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. आपण डॉक्टर व्हावे ही आनंदीबाईंची इच्छा या दुःखातून दृढ झाली.

गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली असताना, १८७८ साली त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी कोल्हापुरात अनेक वर्षे कार्य केले होते. पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासाठी साहाय्य मिळावे, अशी गोपाळरावांची विनंती होती. वाइल्डर यांनी उत्तरादाखल ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारण्याचा उपदेश केला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. मदतीचा मार्ग तेथेच खुंटला असे वाटले. परंतु न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर या गृहिणीच्या हाती तो अंक दंतवैद्याकडे बसलेल्या असताना पडला. त्यांनी पत्र पाठवून आपले घर या अनोळखी मुलीसाठी खुले केले. धर्मांतराची अट त्यांनी घातली नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. पती सोबत नव्हते. प्रवासात त्यांना मिशनरी स्त्रियांची सोबत होती, पण त्या सोबतीत धर्माविषयीचा आग्रहही सोसावा लागला. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

रोझेलच्या घरात त्यांचे उन्हाळ्याचे दिवस आनंदात गेले. शाकाहाराचा नेम त्यांनी सोडला नाही आणि कारपेंटर कुटुंबाने तो मोडण्याचा प्रयत्नही केला नाही. उलट आनंदीबाईंनी रांधलेल्या मराठी जेवणाचा त्या घराने व शेजाऱ्यांनी आनंदाने आस्वाद घेतला.

खरी कसोटी लागली ती त्यानंतर. ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. भाड्याच्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. एक तर धूर सोसावा, नाहीतर थंडी. दिवसभर व्याख्याने व प्रयोगशाळा, आणि परतल्यावर स्वतःचा स्वयंपाक. हाडे गोठवणाऱ्या थंडीत नऊवारी लुगडे पुरेना, तेव्हा पाय नीट झाकले जावेत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. एवढ्याशा बदलाचेही स्पष्टीकरण पतीला पत्राने द्यावे लागे. गोपाळरावांची पत्रे कधी प्रेमाची, कधी बोचरी असत. आनंदीबाई त्यांना आदराने, पण निर्भीडपणे उत्तर देत. प्रकृती ढासळत असल्याचे पाहून महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांची मायेने काळजी घेतली.

त्याच महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली याही शिकत होत्या. आपापल्या देशाच्या वेषातील या तिघींचे १८८५ सालचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. श्रद्धेच्या वाटा भिन्न झाल्या तरी या दोघींचा स्नेह अबाधित राहिला.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कारपेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

ज्या गरजेने आनंदीबाईंना घराबाहेर काढले, त्याच गरजेची हाक पुढे ख्रिस्तसभेनेही ऐकली. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाव्यात म्हणून डॉ. ॲना डेंगल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था स्थापन केली. धर्मभगिनींना प्रसूतिसेवेसह संपूर्ण वैद्यकीय सेवा करण्याची मोकळीक रोमने १९३६ साली दिली.

वाइल्डर यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रभू येशूचे हृदय आनंदीबाईंना अधिक दिसले असेल ते कारपेंटर मावशींच्या स्वयंपाकघरात. अंतिम न्यायाच्या दृष्टान्तात प्रभू परक्याच्या स्वागताविषयी विचारतो. त्या परक्याचा धर्म विचारत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असे शिकवले. कारपेंटर मावशींनी हे त्याच्या ऐंशी वर्षे आधी आचरणात आणले होते.

आपली मुले परदेशी जातात तेव्हा त्यांना अशी एखादी मावशी भेटावी म्हणून आपण प्रार्थना करतो. आपल्या गावात दूरच्या राज्यातून शिकायला आलेला विद्यार्थी खोली शोधत दारात उभा राहतो, तेव्हा त्याचे आडनाव, भाषा वा आहार पाहून दार लोटले जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ या. आनंदीबाईंच्या स्मृतीला ख्रिस्ती कुटुंबांकडून याहून योग्य अभिवादन दुसरे नसेल.